गेटला व्होल्ट किती द्यायचे?

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतल्या दोन मुलींनी मातीचा ओलावा मोजून आपोआप पंप सुरू करणारे छान मॉडेल केले होते. ओलावा बरोबर मोजला जात होता, मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड वेळच्या वेळी हुकूम देत होता. पंप मात्र रडतखडत फिरत होता आणि तो चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला बोट लावले तर चटका बसत होता. आमची पाळी येईपर्यंत तो जळला. दुसरा लावला, तोही जळला. मुलींचे शिक्षक हवालदिल होऊन म्हणाले, "सर, माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे, गेटला २ ते ४ व्होल्ट. आम्ही ३.३ देतोय. मग चुकतेय कुठे?"

ट्रान्झिस्टर आयआरएफ ५४० जातीचा पॉवर मॉसफेट होता. बॅटरी १२ व्होल्टची. शेवटचा शिल्लक ट्रान्झिस्टर लावून घाईघाईने मीटर जोडला, तर १२ पैकी ५ व्होल्ट ट्रान्झिस्टरच गिळत होता आणि प्रवाह होता दीड अँपिअर. म्हणजे साडेसात वॅट उष्णता. या आकाराच्या ट्रान्झिस्टरला उष्णता पसरवणारा ॲल्युमिनियमचा पत्रा जोडलेला नसेल, तर दर वॅटमागे त्याचे तापमान साधारण ६० अंशांनी चढते. साडेसात वॅटला काय होईल ते आपणच पाहा. आम्ही लगेच जोडणी सोडवली म्हणून तो तिसरा वाचला.

शिक्षकांनी वाचले ते खोटे नव्हते. माहितीपत्रकात २ ते ४ व्होल्ट हा आकडा असतोच, पण तो असतो उंबरठा व्होल्टेजचा. त्याच ओळीत पुढे बारीक अक्षरात लिहिलेले असते की हा आकडा ड्रेनमधून २५० मायक्रोअँपिअर प्रवाह वाहू लागण्याचा आहे. २५० मायक्रोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा चार हजारावा भाग. उंबरठ्यावर पाय ठेवला म्हणजे माणूस माजघरात पोचला असे होत नाही. २८ अँपिअर पेलण्याची ताकद असलेला हा ट्रान्झिस्टर पुरता उघडायचा तर गेटला १० व्होल्ट द्यावे लागतात. त्याचा ०.०७७ ओहम हा कमीत कमी रोध छापलेला असतो तोही १० व्होल्टलाच.

एवढे सांगून आम्ही मोकळे होणार, तोच त्या मुलींपैकी एकीने विचारले, "पण दहाच का? कुणी ठरवले?" या प्रश्नाचे उत्तर स्टॉलवर उभ्या-उभ्या देण्यासारखे नव्हते. ते द्यायचे तर जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते.

मॉसफेटची कल्पना मूळची अगदी सोपी आहे. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर एक पातळ विसंवाहक थर, त्यावर एक वाहक पट्टी. ही पट्टी म्हणजे गेट. झाला एक कॅपॅसिटर. गेटला धन प्रभार दिला की खालच्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन पृष्ठभागाकडे ओढले जातात, त्यांचा एक पातळ पाट तयार होतो आणि त्यातून सोर्स व ड्रेन यांच्यामध्ये प्रवाह वाहू लागतो. गेटमधून स्वतः काहीच वाहत नाही. तिथला प्रभार नुसता दुरून हुकमत चालवतो. ही कल्पना ज्युलियस लिलिएनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९२५ साली कॅनडात पेटंटसाठी मांडली, पुढच्या वर्षी अमेरिकेत. अमेरिकी पेटंट १९३० मध्ये मिळाले. त्याने खरोखर चालणारे उपकरण केल्याचा पुरावा नाही. कसा असणार? तेवढा शुद्ध अर्धवाहक पदार्थच तेव्हा जगात कुठे मिळत नव्हता. तरी पुढे बेल प्रयोगशाळेला ट्रान्झिस्टरची पेटंटे घेताना लिलिएनफेल्डचे जुने कागद आडवे आलेच.

बेल प्रयोगशाळेत विल्यम शॉकली यांनी १९४५ मध्ये हाच प्रयोग करून पाहिला. सिलिकॉनचा पातळ थर आणि त्याच्या अगदी जवळ धातूची पट्टी. पट्टीला पुष्कळ व्होल्ट देऊनही सिलिकॉनच्या वाहकतेत मोजण्याजोगा फरकच पडेना. गणित तर बरोबर होते. कोडे सोडवले जॉन बार्डीन यांनी. स्फटिकाच्या आत प्रत्येक सिलिकॉन अणूला चार शेजारी असतात, पण पृष्ठभागावरच्या अणूंचे काही बंध मोकळे राहतात. गेटने ओढून आणलेले इलेक्ट्रॉन या मोकळ्या जागांमध्ये अडकून बसतात. संख्येने ते वाढतात, पण हलत नाहीत, मग प्रवाह वाढणार कसा? शिवाय अडकलेले हे इलेक्ट्रॉन गेटचे क्षेत्र आत पोचूच देत नाहीत. या 'पृष्ठभाग अवस्थां'चा पाठपुरावा करता-करताच १९४७ च्या डिसेंबरात बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांच्या हाती अगदी वेगळ्या धर्तीचा ट्रान्झिस्टर लागला, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक शॉकलींसह तिघांना मिळाले. पाठ्यपुस्तकात ट्रान्झिस्टरचा इतिहास बहुधा इथेच संपतो. खरे म्हणजे मूळ प्रयोग फसलेलाच राहिला होता!

तो मार्गी लागला एका अपघातामुळे. बेलमधलेच कार्ल फ्रॉश आणि लिंकन डेरिक १९५५ मध्ये भट्टीत सिलिकॉन तापवत असताना चुकून त्यावर ऑक्साइडचा थर चढला. सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या वाळूचेच रासायनिक भावंड. पुढे मोहम्मद अटाला यांनी दाखवले की हा थर नीट निगुतीने वाढवला तर पृष्ठभागावरचे मोकळे बंध बरेचसे मिटतात. इजिप्तमध्ये जन्मलेले अटाला आणि कोरियात जन्मलेले डॉन कांग यांनी त्याच थराचा विसंवाहक म्हणून उपयोग करून पहिला मॉसफेट बनवला. १९६० मध्ये तो जाहीर झाला. ऑक्साइडची जाडी होती १०० नॅनोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा.

जाडीचे एवढे महत्त्व का? थर पातळ असेल तर तेवढ्याच व्होल्टला कॅपॅसिटरवर जास्त प्रभार जमतो, म्हणजे पाट लवकर वाहू लागतो. पण थर पातळ करावा तितका फाटण्याचा धोका वाढतो. चांगला सिलिकॉन डायऑक्साइड दर नॅनोमीटरला साधारण एक व्होल्ट सोसतो. १०० नॅनोमीटरचा थर म्हणजे शंभर व्होल्टच्या आसपास मर्यादा आली. त्यात बारीकसारीक दोष आणि वर्षानुवर्षे टिकण्याची हमी धरून कारखानदार सांगतात ±२० व्होल्ट. आयआरएफ ५४० च्या माहितीपत्रकात हीच मर्यादा आहे. एकीकडे २० ची भिंत, दुसरीकडे ४ पर्यंत जाणारा उंबरठा. आपले १० व्होल्ट या दोहोंच्या मध्ये येतात.

पण उंबरठा तरी जागेवर राहावा ना! १९६० च्या दशकात तोच मोठा तमाशा होऊन बसला. सकाळी मोजलेला ट्रान्झिस्टर तापवून संध्याकाळी मोजला की उंबरठा व्होल्टेज काही व्होल्टनी सरकलेले असे. फेअरचाइल्ड कंपनीतले एडवर्ड स्नो, अँड्र्यू ग्रोव्ह, ब्रूस डील आणि चि-तांग सा यांनी १९६५ मध्ये गुन्हेगार पकडून दिला, तो म्हणजे सोडियम. हाताच्या घामातला, पाण्यातला, काचेच्या भांड्यांतला, ॲल्युमिनियमचा लेप देताना वापरल्या जाणाऱ्या टंगस्टनच्या तारेतला सोडियम. त्याचे धन आयन ऑक्साइडमध्ये शिरतात आणि गेटला धन व्होल्टेज दिले की ढकलले जाऊन सिलिकॉनच्या कडेला जाऊन बसतात. तिथे बसून ते जणू दुसरे गेट बनतात आणि गेटला काही दिले नाही तरी ट्रान्झिस्टर चालू राहतो. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी ही गोष्ट आहे. आपण ज्याला चिमूटभर मीठ म्हणतो, त्याच्या कोट्यवधीव्या हिश्शाने अख्ख्या उद्योगाची झोप उडवली होती.

ही स्वच्छता साधेपर्यंत कारखाने उलट्या ध्रुवतेचे, म्हणजे पी-चॅनेल मॉसफेट करत राहिले, कारण त्यांचा नको तेव्हा चालू राहण्याचा धोका कमी होता. मात्र त्यांना व्होल्टेज जास्त लागे. १९७१ चा इंटेल ४००४ हा मायक्रोप्रोसेसर याच जातीचा होता आणि त्याला १५ व्होल्ट पुरवावे लागत.

आतापर्यंतचे सगळे ट्रान्झिस्टर कणभर प्रवाहाचे होते. मोटार फिरवायची, तर हुकमी एक्का होता २एन ३०५५ हा जुन्या, बायपोलर पद्धतीचा ट्रान्झिस्टर. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ते पिशवीत भरून आणत असू. बश्यांसारखी जाड धातूची टोपी, दोन भोके, स्क्रूने पत्र्यावर आवळायचे. त्याचा दोष एकच. त्याला नुसते व्होल्टेज पुरत नाही, प्रवाहाचा खुराक सतत द्यावा लागतो. १० अँपिअर पुरते चालू करायचे तर माहितीपत्रकाप्रमाणे बेसमध्ये ३.३ अँपिअर ओतावे लागतात. नोकराला नोकर आणि त्याला आणखी एक नोकर अशी रांग लागते.

मॉसफेटला असा खुराक लागत नाही, म्हणून त्याला मोठ्या प्रवाहासाठी राबवण्याची खटपट सुरू झाली. अडचण अशी की पाट पृष्ठभागापुरता असतो, त्यातून प्रवाह जाणार किती? मग प्रवाह आडवा न नेता उभा, चकतीच्या आरपार नेण्याची युक्ती निघाली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर सिलिकॉनिक्स कंपनीने इंग्रजी व्ही अक्षरासारखा चर कोरून असे ट्रान्झिस्टर केले, पण चराच्या टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटून तिथला थर फाटण्याची भीती असे. मग चर गेला, सपाट पृष्ठभाग आला, आणि इंटरनॅशनल रेक्टिफायर कंपनीत अलेक्झांडर लिडो व टॉम हर्मन यांनी मधमाशीच्या पोळ्यासारखे हजारो षटकोनी कप्पे एकाच चकतीवर शेजारी-शेजारी मांडले. १९७९ च्या सुमारास हे 'हेक्सफेट' बाजारात आले. आयआरएफ ही अक्षरे त्याच घराण्यातली.

आता "दहाच का" या प्रश्नाकडे येऊ. पाटाचा रोध गेटचे व्होल्टेज उंबरठ्याच्या किती वर आहे त्यावर ठरतो. उंबरठा ३ व्होल्टचा असेल तर ४ व्होल्ट देऊन वरकड उरते १, आणि १० देऊन उरते ७. पाटाचा रोध साधारण सातपट कमी झाला. १० चे १५ केले तर? पाटाचा रोध आणखी उतरेल, परंतु प्रवाहाला पाटानंतर चकतीच्या जाडीतून खाली जायचे असते, आणि त्या वाटेचा रोध गेटच्या हातात नसतो. म्हणून १० च्या पुढे फायदा हळूहळू संपतो, २० ची भिंत मात्र जवळ येते. त्या काळच्या सीमॉस जातीच्या आयसी १२-१५ व्होल्टवर सुखाने चालत, त्यांनाही हे सोयीचे पडले.

दुसऱ्या एका घराण्याला ते गैरसोयीचे होते. टीटीएल जातीच्या लॉजिक आयसींनी १९६० च्या दशकात ५ व्होल्टचा प्रघात पाडला होता आणि संगणकाचे सगळे जग त्यावर उभे राहिले. ५ व्होल्टच्या हुकमाने १० व्होल्टचे गेट कसे उघडणार? १९८० च्या दशकात यासाठी 'लॉजिक लेव्हल' मॉसफेट निघाले. ऑक्साइड निम्म्याच्या आसपास पातळ, उंबरठा १ ते २ व्होल्ट. आयआरएल ५४० हा आपल्या ५४० चा असा भाऊ. ०.०७७ ओहमचा रोध तो ५ व्होल्टलाच गाठतो. पण फुकट काही मिळत नाही. त्याच्या गेटची मर्यादा ±२० वरून ±१० वर आली. नावात एका अक्षराचा फरक, आणि त्यापायी किती मॉडेले जळली असतील कोण जाणे! खरा उंबरठा याहून खाली नेण्याला कारखानदार कचरतात, कारण ट्रान्झिस्टर तापला की उंबरठा आपोआप खाली घसरतो आणि मग तारांतल्या बारीकशा झटक्यानेही तो नको तेव्हा उघडू शकतो.

आणखी एक गैरसमज आम्ही नेहमी पाहतो. गेटला प्रवाह लागत नाही, हे अर्धेच खरे आहे. स्थिर असताना लागत नाही. उघडताना तो कॅपॅसिटर भरावा लागतो आणि मिटताना रिकामा करावा लागतो. आयआरएफ ५४० ला त्यासाठी जास्तीत जास्त ७२ नॅनोकूलोम प्रभार लागतो. मायक्रोकंट्रोलरचा पाय २० मिलिअँपिअर देत असेल तर ७२ भागिले २०, म्हणजे ३.६ मायक्रोसेकंद. हेच काम १०० नॅनोसेकंदांत हवे असेल तर ०.७२ अँपिअर ओतायला हवेत. सेकंदाला एकदा चालू-बंद होणाऱ्या पंपाला त्याचे काही नाही. सेकंदाला लाखभर वेळा उघडमीट करणाऱ्या वीजपुरवठ्यात मात्र अर्धवट उघड्या अवस्थेतले हेच मायक्रोसेकंद ट्रान्झिस्टरला भाजून काढतात. गंमत म्हणजे गेट भरताना मध्येच व्होल्टेज वाढायचे थांबते, प्रभार आत जात राहतो तरी. ड्रेनचे व्होल्टेज कोसळत असते आणि गेट-ड्रेन यांच्यामधला कॅपॅसिटर तो सगळा प्रभार खाऊन टाकतो. या परिणामाला नाव आहे जॉन मिलर यांचे, आणि त्यांनी तो अभ्यासला होता १९२० च्या सुमारास, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबमध्ये!

शेकडो व्होल्ट सोसणारा मॉसफेट करायचा तर चकतीचा तो खालचा भाग जाड करावा लागतो आणि रोध बेसुमार वाढतो. यावर तोडगा काढणाऱ्यांत अग्रणी होते जयंत बालिगा. जन्म मद्रासचा, १९४८ चा, बालपण बंगळूरजवळच्या जालहळ्ळीत, शिक्षण मद्रास आयआयटीत आणि नंतर अमेरिकेत. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना त्यांनी वर मॉसफेटचे गेट आणि खाली बायपोलरचा प्रवाह असा संकर उभा केला आणि १९८२ मध्ये तो शोधनिबंधातून मांडला. तोच आजचा आयजीबीटी. आरसीएमध्ये बेके आणि व्हीटली यांनीही त्याच सुमारास अशाच रचनेचे पेटंट मिळवले होते. इंडक्शन शेगडीत, रेल्वे इंजिनांत, मुंबईत २००७ पासून आलेल्या नव्या लोकल गाड्यांत आयजीबीटीच राबतात. बालिगा यांना २०२४ चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला.

आयजीबीटीच्या गेटला रिवाज आहे १५ व्होल्टचा. इथे वरची मर्यादा वेगळ्याच कारणाने येते. मोटारीत शॉर्ट सर्किट झाले तर ट्रान्झिस्टर स्वतःच प्रवाहाला एका हद्दीपलीकडे जाऊ देत नाही, आणि ती हद्द गेटचे व्होल्टेज ठरवते. १५ व्होल्टला तो साधारण १० मायक्रोसेकंद तग धरतो. तेवढ्यात संरक्षक सर्किटने जागे होऊन त्याला बंद करायचे. जास्त व्होल्ट दिले तर हद्द वर सरकते आणि तग धरण्याचा वेळ घटतो.

२०११ पासून सिलिकॉन कार्बाइडचे मॉसफेट बाजारात आले. पहिल्यांना गेटवर चक्क २० व्होल्ट लागत, आता १५ ते १८ वर भागते. कारण काय असेल? कार्बाइड आणि ऑक्साइड यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन अडकून बसतात. १९४६ मध्ये बार्डीन यांनी पकडलेलाच तो चोर, नव्या घरात. उलट गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरला ५ व्होल्ट पुरतात आणि ६ च्या वर गेले की गेट संपले. ते बाजारात आणणाऱ्या पहिल्या काही मंडळींत हेक्सफेटवाले लिडो पुन्हा भेटतात.

तर प्रदर्शनातला तो पंप. आम्ही एक बीसी ५४७ आणि दोन रोध मागवले. गेट १२ व्होल्टला रोधातून वर बांधले आणि खाली खेचण्याचे काम बीसी ५४७ ला दिले. यात हुकूम उलटा होतो, म्हणून मुलींनी प्रोग्रॅममध्ये 'चालू'चे 'बंद' केले. पंप अडीच अँपिअर घेऊ लागला, ट्रान्झिस्टरवर उरले ०.२ व्होल्ट. म्हणजे अर्धा वॅट. बोट लावले तर कोमट.

त्या मुलीसाठी पुढे आम्ही एक प्रयोग लिहून पाठवला, तो आपणही वर्गात करावा. १२ व्होल्टची बॅटरी, स्कूटरचा ५ वॅटचा दिवा आणि आयआरएफ ५४० एकासरीत जोडा. गेटला आणि सोर्सला ९ व्होल्टची छोटी बॅटरी क्षणभर टेकवा. दिवा लागेल. आता छोटी बॅटरी काढून घ्या. दिवा लागलेलाच राहील, कित्येकदा काही मिनिटे, कारण गेटवरचा प्रभार कुठे जात नाही. मग एका बोटाने गेट आणि सोर्स एकदम शिवा. दिवा विझेल. प्रयोगापूर्वी टेरिलीनचा शर्ट टेबलावर घासू नका, आणि हात नळाला लावून या. कोरड्या हवेत आपल्या अंगावर २००० व्होल्ट सहज जमतात. अंगाची धारिता १०० पिकोफॅरड आणि गेटची १५०० धरली तर वाटणी होऊन गेटवर येतात सुमारे १२५ व्होल्ट. त्या थराला किती सोसतात ते वर आलेच आहे.